दिवसाला किती?

सिगारेटचं पाकीट विकत घेणाऱ्या माणसांना मी आयुष्यभर नावं ठेवत आले. पाकीट घेतो तो व्यसनी. आपण काय, कुणी पुढे केली तर एखादी सुट्टी, तीही चहाबरोबर. पुण्यात माझ्या पहिल्या कंपनीच्या फाटकाबाहेर टपरी होती. टीममधले मुलगे तिथून सुट्ट्या आणायचे, एक माझ्या हातात द्यायचे, आणि मी दुसऱ्या हातात चहाचा ग्लास धरून मोठ्या ऐटीत उभी असायचे. पाच वर्षांत त्या टपरीवाल्याला मी स्वतः एक रुपया दिला नाही. त्यामुळे आईने संशय येऊन विचारलं तेव्हा 'मी सिगारेट ओढत नाही' असं मी तिच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, आणि मला ते खोटं वाटलंसुद्धा नाही. असला माझा प्रामाणिकपणा.

लग्नानंतर नवऱ्याच्या मागोमाग हूफडॉर्प या डच गावी आले आणि या देशाने माझी पंचाईत केली. इथे सुट्टी मिळत नाही. वीसचं पाकीट घ्या, नाहीतर गप्प घरी जा. पहिलं पाकीट घेतलं तेव्हा ठरवलं होतं की हे वर्षभर पुरवायचं. चार दिवस पुरलं. मग मला बाडहूव्हडॉर्पला नोकरी लागली, विमानाने येणाऱ्या मालाचे कस्टम्सचे कागद तपासायची. तिथे इमारतीच्या मागे सायकलींच्या छपराखाली ओढणारे जमायचे. गणपतीच्या कार्यक्रमात सोवळं नेसून पुढे पुढे करणारे आपले दोन-तीन महाशय मला तिथे भेटत. मी दिसले की हात पाठीमागे. मांजर डोळे मिटून दूध पितं, आणि जगाला दिसत नाही असं समजतं, तशातला प्रकार. मी त्यांना मनातल्या मनात यथेच्छ हसायचे आणि माझी पेटवायचे.

आता नवऱ्याबद्दल. पुण्यात या माणसाने स्वतःचं ताट कधी उचललं नाही, आणि इथे येऊन त्याला छंद कसला लागला, तर कचऱ्याचा. काच वेगळी, प्लास्टिक वेगळं, कागद वेगळा. दह्याचे डबे धुऊन, पालथे घालून, वाळवून मग टाकणार. खेमेन्ते, म्हणजे इथली नगरपालिका, कुठल्या दिवशी कुठला कचरा नेते त्याचं ॲप त्याच्या फोनवर बँकेच्याही आधी. पाहुण्यांसमोर तो तासभर कचऱ्यावर बोलू शकतो आणि मला तेव्हा उठून भांडी घासावीशी वाटतात. दोन डिग्र्या घेऊन माणसाने काय दिवे लावले, तर दर गुरुवारी कागदाची पिशवी खाली नेली.

या असल्या माणसापासून पाकिटं लपवणं म्हणजे काय मोठं काम होतं? कॉर्नफ्लेक्सचं खोकं रिकामं झालं की मी त्यात रिकामी पाकिटं कोंबायचे, झाकण नीट आत खोचायचे आणि त्याच्या कागदाच्या पिशवीत ठेवून द्यायचे. जॅकेट ऑफिसात, तोंडात पुदिन्याची गोळी. समोरची भिंत निळी रंगवली तरी याला आठवड्याने कळेल, याची मला खात्री होती. लपवायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी एकदा त्याने विचारलं होतं. कांदा चिरता चिरता, अगदी सहज: तू सिगारेट ओढतेस का? मी नाही म्हणाले. तो बरं म्हणाला आणि कांदा चिरत राहिला. इतक्या सहज फसणाऱ्या माणसाबद्दल बायकोला आदर वाटणार कसा?

गेल्या हिवाळ्यात मला खोकला झाला आणि तो चार महिने गेला नाही. डॉक्टरांनी विचारलं, ओढता का? नाही म्हटलं, जुन्या सवयीने. मग त्यांनी सर्दीचं औषध दिलं. सर्दी असती तर गेली असती. नऊ वर्षांची मुलगी माझ्या खोकल्याची नक्कल करायची आणि आम्ही हसायचो. ती मराठी समजते, पण उत्तर डचमध्ये देते. माझ्या खोकल्याची नक्कल हेच काय ते तिचं मातृभाषेतलं योगदान, असं मी म्हणायचे.

एका सकाळी तिला शाळेत सोडताना कालव्यावरच्या पुलावर, समोरून वारा, मला दम लागला. सायकलवरून उतरले आणि कठड्याला धरून खोकत राहिले. ती पुढे गेली होती, ती परत आली. माझ्या सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरून तिने विचारलं:

"आई, तू मरणार आहेस का?"

मराठीत विचारलं. म्हणून जास्त लागलं. वेडी आहेस का, सर्दी आहे नुसती, म्हणून मी तिला दटावलं. ती शाळेपर्यंत माझ्या मागून, हळू हळू सायकल चालवत आली. त्याच दिवशी मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी फुंकर मारून फुप्फुसं तपासायची चाचणी लिहून दिली, तीन आठवड्यांनंतरची. त्या मशीनला तरी खोटं सांगता येणार नव्हतं. मी ठरवलं, चाचणीच्या आत सिगारेट बंद.

आधी मी ती वापरून फेकायची इलेक्ट्रॉनिक सिगारेट आणली. संपली की टाकून द्यायची. म्हणजे सुट्टीचीच सख्खी बहीण. ही शेवटची, असं म्हणून एक आणली, मग दुसरी, मग तिसरी, आणि वर खऱ्या सिगारेटीही चालूच. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की हे आपलं टपरीचंच नाटक चाललंय. निकोटिनचा द्रव पुन्हा पुन्हा भरायची टाकीवाली सिगारेट घ्यायची तर दुकानात जाऊन, उभं राहून, 'मला लागते' असं कबूल करायला हवं. तेच तर नको होतं.

गेले. दुकान कसलं, काचेच्या कपाटात चकचकीत नळकांडी मांडलेली. दोन दाढीवाले बाप्ये वायरच्या वेटोळ्यांवर असे गंभीर होऊन बोलत होते की जणू घरात कुणाचं ऑपरेशन आहे. माणसं धूर काढायला किती अभ्यास करतात. अर्ध्या अभ्यासात लोक सोडून मोकळे होतात. इथे फळांचे, मिठाईचे स्वाद विकायला बंदी आहे, उरला फक्त तंबाखूचा, आणि त्यातही यांच्या आवडीनिवडी होत्या. गल्ल्यामागे साठीच्या एक डच बाई होत्या, नाकावर चष्मा. त्यांनी नमस्कार-चमत्कार न करता पहिलाच प्रश्न टाकला: दिवसाला किती ओढता?

झाकली मूठ सव्वा लाखाची. चार-पाच, मी म्हटलं. बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. त्यांनी दोन टाक्या पुढे ठेवल्या. एक जाडजूड, बेढब, काचेची. कायद्याने दोन मिलीलिटरपेक्षा मोठी टाकी मिळत नाही, ती पूर्ण दोनची. दुसरी बारीक, लिपस्टिकएवढी, तिच्या निम्म्याने. जास्त ओढणाऱ्याला ही जाड, तुम्ही म्हणता तसं चार-पाच असेल तर बारीक पुरेल, आणि द्रवही सौम्यच देते, असं त्या म्हणाल्या. 'तुम्ही म्हणता तसं' हे त्यांनी जरा सावकाश म्हटलं. मला राग आला. मी बारीक घेतली. पर्समध्ये लपत होती, यापलीकडे तिच्यात मी काहीही पाहिलं नाही. घरी कुकर घ्यायचा तर आम्ही चार दुकानं फिरतो.

टाकी भरल्यावर दहा मिनिटं थांबा, आतला कापूस भिजू द्या, असंही बाईंनी बजावलं होतं. निरांजनातली वात भिजल्याशिवाय काडी न लावणारी मी, इथे मात्र छपराखाली पोचताच ओढली. जळक्या चिंधीची चव आली. मग पुढे जे झालं ते माझ्या कर्माने झालं. ती चिमुकली टाकी दिवसातून सहा वेळा भरायची, आणि त्या सौम्य पाण्याने माझं होतंय काय, डोंबल! तिसऱ्या दिवशी ती पर्समध्ये गळली, मुलीच्या लायब्ररीच्या पुस्तकावर. चौथ्या दिवशी मी पाकीट घेतलं. दहाव्या दिवशी मी दिवसाला पहिल्याइतक्याच सिगारेटी ओढत होते आणि त्याशिवाय ती टाकीही. चाचणीला आठ दिवस राहिले होते. मी त्या दुकानाला, त्या बाईला, सगळ्या यंत्राला शिव्या घातल्या. मनातल्या मनात, पण मराठीत.

शनिवारी भांडायच्या तयारीने निघाले. नवऱ्याला सांगितलं, एक वस्तू परत करायची आहे. तो म्हणाला, मीही येतो, बॅटऱ्या टाकायच्या आहेत. झालं, म्हटलं, याचा कचरा आलाच. मी चौकात त्याला टाळायचं ठरवलं होतं, पण तो गप्पपणे माझ्यामागे दुकानाच्या दारातून आत आला. दाराजवळ जुनी उपकरणं टाकायचा डबा होता. त्याने खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि त्यातल्या तीन वस्तू एकेक करून डब्यात सोडल्या. त्या माझ्या होत्या. वापरून फेकायच्या त्या तिन्ही. मी त्या घरच्या कचऱ्यात तळाशी दडपल्या होत्या. यांच्यात बॅटरी असते, नेहमीच्या कचऱ्यात चालत नाहीत, एवढंच तो म्हणाला.

बाईंनी मला ओळखलं. मी ती गळकी टाकी समोर ठेवली. भांडण कुठल्या कुठे गेलं होतं. त्यांनी टाकीकडे पाहिलंही नाही. तोच प्रश्न पुन्हा, इंग्रजीत, शांतपणे: दिवसाला किती?

माझ्या तोंडात चार-पाच तयारच होतं. नवरा बाजूच्या कपाटाकडे पाहत होता. तो मराठीत, हळू आवाजात म्हणाला, "सतरा सांग. एखाद्या आठवड्यात वीसही."

बाईंना ते कळलं नाही. माझ्या वतीने तो त्यांच्याशी एक अक्षर बोलला नाही. सांगायचं मलाच होतं. मी सांगितलं, सतरा. बाईंनी भुवईसुद्धा उचलली नाही. त्यांनी ती जाड, बेढब टाकी काढली, कडक द्रवाची बाटली काढली, मला दोनदा भरून दाखवायला लावली आणि दहा मिनिटं दुकानातच बसवून घेतलं. कापूस भिजेपर्यंत आम्ही दोघं बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. मी विचारलं, तुला कसं कळलं?

"कॉर्नफ्लेक्सचं खोकं चपटं करूनच टाकावं लागतं," तो म्हणाला. "नाहीतर पिशवीत मावत नाही."

सात वर्षं. दर आठवड्याला तो खोकं उघडत होता, पाकिटं काढून मोजत होता, आतला चांदीचा कागद वेगळा करत होता, आणि मला मात्र वाटत होतं की नवरा मठ्ठ आहे. मग बोलला का नाहीस, मी विचारलं. माझा सूर भांडणाचाच होता, दुसरा येतोय कुठे. तो म्हणाला, विचारलं होतं ना एकदा, तू नाही म्हणालीस. मला स्वतःची किळस आली. ज्यांना मी छपराखाली हसायचे ते निदान हात पाठीमागे घेत होते, त्यांना लाज तरी होती.

घरी आल्यावर मी मुलीला समोर बसवलं. टाकी टेबलावर ठेवली. म्हटलं, आई सिगारेट ओढते, दिवसाला सतरा, खूप वर्षं, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले, ती सर्दी नव्हती. तिने टाकीला हात लावला नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. तिने टेबलाखाली माझा पाय तिच्या पायाने दाबला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली, मराठीत, एकेक शब्द शोधत. "खोक्यात दिसलं होतं. बाबा म्हणाला, विचारायचं नाही. आई स्वतः सांगेल."