दत्तोपंतांनी मिळवलेला हॉल

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना सरकारनं दत्तोपंत गद्र्यांना पुण्याहून चेन्नईला धाडलं. वेलचेरीत एका खोलीचा फ्लॅट, पाऊस झाला की जिन्यापर्यंत पाणी, आणि शेजाऱ्यांशी ‘वणक्कम’च्या पुढं न गेलेली ओळख. तमिळ शिकायचं त्यांनी मनावरच घेतलं नाही. दोन वर्षांसाठी कोण उपद्व्याप करतो!

एकुलता एक मुलगा अमोघ इंजिनिअरिंग अर्धवट सोडून पुण्यातल्या एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्यावरून बापलेकांत एकदा असं बिनसलं की चार वर्षं बोलणं बंद. दत्तोपंत तेव्हा जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढं ते शब्द आठवले की ते भरल्या ताटावरून उठत, पण फोन उचलून ‘माझं चुकलं’ म्हणायची छाती काही झाली नाही.

२००६च्या फेब्रुवारीत अमोघचाच फोन आला. “बाबा, आम्ही दक्षिणेत दौऱ्यावर येतोय. बंगळूर, हैदराबाद ठरलंय. चेन्नईत हॉल मिळत नाहीये. चारशे-साडेचारशे माणसं बसतील असा. तुम्ही तिथं आहात म्हणून विचारलं.”

‘बाबा’ हा शब्द चार वर्षांनी कानावर पडला होता. हॉल मिळाला की मुलगा येईल, आणि आला की सगळं निस्तरता येईल, एवढंच दत्तोपंतांना कळलं. ऑफिस सुटलं की ते शेअर ऑटोत बसून हॉल बघत हिंडू लागले. एक सभागृह दोन हजारांचं, त्यात चारशे माणसं म्हणजे परातीत चार शेंगदाणे. एग्मोरच्या एका हॉटेलातला बार सत्तर जणांचा, त्यातले निम्मे स्टेजकडं पाठ करून बसलेले. मंगल कार्यालयं मुहूर्तांनी अडवलेली. एका कॉलेजच्या प्राचार्यांनी तर ‘बँड’ ऐकताच हात जोडले. या महिनाभरात हा गृहस्थ हॉलच्या मध्यभागी उभा राहून टाळी वाजवायला आणि आवाज घुमतो का ते ऐकायला शिकला. पण हॉल काही मिळेना.

शेवटी एग्मोरच्याच एका गल्लीत संगीतसभेचा जुना हॉल सापडला. साडेचारशे खुर्च्या, लाकडी छत, टाळी जागच्या जागी विरली. सेक्रेटरी निघाले गिरिधर राव, तंजावरकडचे मराठी.

“तुमी मराठी की? या सार, बसा,” ते म्हणाले, आणि दत्तोपंतांना भरूनच आलं.

“कच्चेरीच ना?” गिरिधर रावांनी विचारलं. “कमिटी कच्चेरीलाच हॉल देते, दुसऱ्या कशाला नाही.”

म्हणजे सरकारी कचेरीचा कार्यक्रम असेल तरच देतात, दत्तोपंतांनी हिशेब लावला. महिनाभर नकार खाल्लेला माणूस. “हो हो, कचेरीचाच,” ते म्हणाले. जन्मात कधी खोटं न बोललेल्या माणसानं पहिल्यांदा थाप मारली आणि ती पचली म्हणून तो मनातून सुखावला. फॉर्म तमिळमध्ये होता. राव भराभर भरत गेले. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत न वाचता एकाही कागदावर सही न केलेल्या दत्तोपंतांनी तिथं सही ठोकली.

तंजावरच्या मराठीत कच्चेरी म्हणजे गाण्याची मैफल, गायक, व्हायोलिन आणि मृदंग. दोघं मोडक्या इंग्रजीत बोलले असते तर हे घडलंच नसतं. मराठी भेटल्याच्या आनंदानंच घात केला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीनला बंगळूरहून व्हॅन आली. अमोघ आत शिरला, हॉलच्या मध्ये उभा राहिला, त्यानं एक टाळी वाजवली आणि तो चक्क हसला. “बाबा, असाच हवा होता.”

मग ड्रम आत येऊ लागले आणि गिरिधर राव धावत आले.

“हे काय सार? कच्चेरी म्हणालांत की तुमी! ड्रम या हॉलांत चालत नाही. फॉर्मांत लिवलंय, खाली तुमचीच सही.”

माणूस वाईट नव्हता. त्यांनी कमिटीतल्या दोघांना फोन केले, पण कोणी ऐकेना. गाणं होऊं दे, गिटार होऊं दे, ड्रम नको. तीनशेवर तिकिटं गेलेली, तीन तासांत दुसरा हॉल कुठून आणायचा? बँडमधले बाकीचे चौघंही अमोघच्या तोंडाकडं बघत राहिले.

“तुम्ही वाजवा,” अमोघ म्हणाला.

बाहेर व्हॅनजवळ दत्तोपंत त्याला समजावू लागले. कचेरी, ऑफिस, मला वाटलं की… जितकं सांगावं तितकं ते जास्तच बनवलेलं वाटत होतं. त्यांचं त्यांनाही.

“आणि तुम्ही न वाचता सही केलीत? तुम्ही? आणि बंदी नेमकी ड्रमवरच?”

लोक येऊन बसले, आत पहिलं गाणं सुरू झालं, ड्रमशिवाय. टाळ्याही पडल्या.

“बाबा,” अमोघ म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच भयंकर होतं. “यापुढं माझ्यासाठी काही करू नका.”

तो ड्रमच्या पेट्या एकेक करून व्हॅनमध्ये चढवू लागला. दत्तोपंतांनी त्यातली एक उचलली, तर त्यानं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.