मी सुचवलेली लायब्ररी

"सगळे हेच वापरतात" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. फिरायला कारण आहे. हे वाक्य एकदा मीच बोलले होते, आणि त्यापायी दुसरीची नोकरी जायची वेळ आली होती.

जालन्यात आमचं लहानसं ऑफिस. आम्ही सहा जण प्रोग्राम लिहितो. आता प्रोग्राम लिहायचा म्हणजे दर वेळी कोरी पाटी घेऊन बसायचं नसतं. एखादं काम कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं आणि तो कोड सगळ्यांसाठी मोकळा सोडलेला असतो. त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. ती आपल्या प्रोग्रामला जोडायची आणि पुढं जायचं. अशा लायब्रऱ्या ढिगानं पडल्यात. त्यातली आपल्या कामाची कोणती, हे ओळखताना घाम फुटतो.

माती तपासणाऱ्या एका संस्थेचं काम आमच्याकडं होतं. त्यांची माणसं शेतोशेत फिरून नमुने घ्यायची आणि मोबाइलवर नोंद करायची. रेंज नसली तर नोंद मोबाइलमध्येच ठेवायची, रेंज आली की आपोआप पाठवायची. हे काम नव्या मुलीकडं दिलं होतं. आष्टीची पोरगी, अजून कायम झालेली नव्हती. तिनं विचारलं, "ताई, यासाठी कोणती लायब्ररी घेऊ?" मी मानसुद्धा वर न करता म्हणाले, "ही घे. लोकांनी पसंतीचे किती तारे दिलेत बघ. सगळे हेच वापरतात."

दोन आठवड्यांत वडीगोद्रीकडच्या एका अख्ख्या दिवसाच्या नोंदी गायब. रेंज मधेच आली आणि मधेच गेली, की त्या लायब्ररीला वाटायचं नोंद पोचली. मग ती मोबाइलमधली नोंद पुसून टाकायची. संस्थेची माणसं पुन्हा उन्हात तीच शेतं तुडवत फिरली. आणि गंमत बघा, हीच तक्रार त्या लायब्ररीच्या पानावर कुणीतरी कधीची लिहून ठेवली होती. मी तारे बघितले होते, तक्रारी वाचल्याच नव्हत्या.

सरांनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "कुणाला विचारून लावली ही?" तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली. "मीच लावली, सर." आणि मी? माझी दातखीळ बसली. आजही सांगताना लाज वाटते.

रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या आणि सकाळी सरांसमोर जाऊन उभी राहिले. "सर, ती लायब्ररी मी सांगितल्ती."

"मंग दोघी मिळून निस्तरा. शनिवारपर्यंत दुसरी चालवून दाखवा. न्हाईतर सोमवारपासून तिनं यायचं काम न्हाई."

"अन् मी?"

"तुम्ही जुन्या आहात."

चूक माझी आणि भोगायचं तिनं! असा संताप आला म्हणून सांगू! तिथंच ठरवलं, काही झालं तरी ही पोरगी जाऊ द्यायची नाही.

आमचं गाव वडीगोद्रीपासून जवळच. त्या दिवशी बाबांचा फोन आला, तेव्हा त्यांच्यापुढं सगळं ओकले. बाबांना कोडमधलं ओ की ठो कळत नाही, पण म्हणाले, "अगं, बी घेताना आपण पिशवीवरचं चित्र पेरतो का? उभं पीक बघाया जातो. अन् बागायतदाराला कशाला विचारायचं? पाणी असल्यावर काहीबी उगवतं. कोरडवाहूवाल्याला विचार."

बराबर! रेंज चोवीस तास असलेल्या लोकांचे तारे मी मोजत बसले होते. आम्ही दोघींनी ऑफिसातल्या पांढऱ्या फळ्यावर रकाने आखले: लायब्ररी कोणती, कुणी वापरली, कसल्या ठिकाणी, आणि कुठं मोडली. स्वतः वापरली नसेल त्यानं लिहायचं नाही. एका शहाण्यानं कुठंतरी वाचलेलं नाव लिहिलं, मी ते त्याच्यादेखत पुसलं. "ऐकीव माल इथं चालत न्हाई!" पुढं हे रकाने आम्ही इंटरनेटवर मोकळे ठेवले, आता दुसऱ्या ऑफिसातले लोक, कॉलेजची पोरं, सगळे त्यात भर घालतात. पण त्या आठवड्यात फळ्यावर चारच नावं होती.

ज्यांनी तक्रारी लिहिल्या होत्या, त्यांनाच आम्ही पत्रं पाठवली. तुमच्याकडं रेंज कशी आहे, मोबाइल मधेच बंद पडला तर काय होतं? दोघांनी उत्तर दिलं. त्यातल्या डोंगरी भागातल्या एकानं अगदी साधी, कुणाला माहीत नसलेली एक लायब्ररी सुचवली. तिचीही चार उणी काढूनच सुचवली, म्हणून मला तो माणूस आवडला.

मग एसटीनं दोघी गावाकडं. आमच्या शेताच्या बांधावर रेंज असते, खाली ओढ्यात उतरलं की जाते. ती पोरगी मोबाइल घेऊन दिवसभर ओढ्यात उतरत होती आणि बांधावर चढत होती. नोंद करायची, चढायचं, अर्ध्यात मोबाइल बंद करायचा, पुन्हा उतरायचं. बाबा म्हणाले, "पोरी, दमली असशील, जेवून घे की." ती म्हणाली, "आत्ता न्हाई काका, अजून एक राह्यलीय." तीन लायब्रऱ्यांनी नोंदी खाल्ल्या. डोंगराकडच्या माणसाच्या लायब्ररीनं एकही हरवू दिली नाही. तिचा विश्वासच बसेना. तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं.

शनिवारी सरांनी स्क्रीनकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या. "हिला तारे तर बोटावर मोजण्याइतके. उद्या ही बिघडली तर जबाबदार कोण?"

मी पुढं झाले. या खेपेला गप्प बसायचंच नाही असं ठरवून आले होते. पण माझ्या आधी तीच बोलली.

"मी, सर. ही मला कुणी म्हणलं म्हणून लावली न्हाई. ओढ्यात उतरून बघितलीय. फोटो मोठा असला की अडकून राहती, तेबी फळ्यावर लिहिलंय. नोंद मात्र जात न्हाई."

सर बराच वेळ फळा वाचत राहिले. मग तिला म्हणाले, "सोमवारी वडीगोद्रीला तुम्हीच जा. त्या लोकांच्या मोबाइलवर टाकून द्या."

"हो सर," म्हणत ती ताठ बाहेर गेली आणि जिन्यात बसून ढसाढसा रडली. मी शेजारी बसले. मला म्हणाली, "ताई, आईला फोन लावून तुम्हीच सांगा ना, नोकरी राह्यली म्हणून."