थोरली खात नाही

मौनीकाकांना हे नाव शेजारच्या गवळ्यानं दिलं होतं. माणसांशी ते मोजकंच बोलत, पण गायीपुढे बसले की तोंडाला खळ नसे. बायको गेली, लेक लग्न करून लांब गेली, मग घरात ऐकून घ्यायला दुसरं होतं तरी कोण? गोठ्यात एकच गाय, थोरली.

व्यायच्या आधी थोरली भाकड होती ते दोन महिने काकांनी तिचे नको तितके लाड केले. दूध काढायचं नव्हतं, तेव्हा गोठ्यात जायला काहीतरी निमित्त हवं. म्हणून सकाळी पाटीभर आंबोण, दुपारी पाटीभर, आणि निघता निघता आणखी दोन ओंजळी. गाय अशी गुबगुबीत झाली की पाठीवरून हात फिरवला तरी कणा लागेना. काका खूश होते.

अति तिथे माती. थोरली व्याली, कालवड झाली, दूध धो धो आलं आणि चौथ्या दिवशी तिनं गव्हाणीतून तोंड फिरवलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात. इथे आडात काही पडत नव्हतं आणि बादली काठोकाठ भरत होती. दहा दिवसांत बरगड्या दिसायला लागल्या.

काकांनी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी गायीच्या तोंडाशी नाक नेलं. "फार पिकलेल्या फळासारखा वास येतोय. पोटात काही जात नाही, म्हणून अंगातली चरबी जाळून दूध देतेय ती. भाकड असताना फार चारलंत का?"

"चारलं," काका म्हणाले. "खाताना बरी वाटायची."

"तेच नडलं. लठ्ठ गाय व्याल्यावर खात नाही." त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं, पाजायचं औषध लिहून दिलं. "खायला लागली नाही तर हातची जाईल. आणि एकटी ठेवू नका. गवळ्याच्या गायींत बांधा. दुसरी खाताना बघून खाईल."

थोरलीला दुसऱ्याच्या गोठ्यात धाडणं काकांच्या जिवावर आलं. पण चूक आपली, बोलणार कुणाला? त्यांनी स्वतःच दावं सोडलं आणि थोरलीला, मागोमाग कालवडीला, शेजारी नेऊन बांधलं.

तिसऱ्या दिवशी थोरलीनं बाजूच्या गायीच्या वैरणीत तोंड घातलं. काकांचा जीव भांड्यात पडला. लगेच वाईटही वाटलं, आपल्या हातचं हिनं का नाही खाल्लं?

"खातेय हो काका!" गवळ्याची बायको म्हणाली. "महिनाभर राहू दे इथेच. तुम्ही जेवलात का?"

"झालं की, वहिनी."

काही झालेलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी भात वाढून घेतला, दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. समोरच्या रिकाम्या गोठ्याकडे बघवेना. थोड्या वेळानं ते उठले, ताटावर झाकण ठेवलं आणि ते घेऊन गवळ्याकडे गेले. थोरलीच्या बाजूला पालथ्या बादलीवर बसून त्यांनी सगळा भात संपवला. वहिनींनी दारातून पाहिलं. शहाणी बाई, भाजीची वाटी तेवढी आणून ठेवली.