वैनींच्या हौदातला लव्हाळा

हे मी घरात कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. तुमच्यापाशी का बोलते आहे — तेही नीट सांगता येणार नाही.

लातूरला आमच्या शेजारी महादेवीवैनी राहायच्या. मी शाळेत शिकवायचे, म्हणून त्या मला ‘बाई’ म्हणायच्या. दोन्ही अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत. तिच्यावरून सोळा वर्षं वाट्या इकडून तिकडे गेल्या — कधी शेंगदाण्याची चटणी, कधी नुसतंच विरजण.

वैनींच्या अंगणात सिमेंटचा छोटा हौद होता, आणि त्यात शोभेचा लव्हाळा. नर्सरीवाले त्याला अंब्रेला पाम म्हणतात. “पाम कशाचा, बाई? आपल्या ओढ्यातल्या लव्हाळ्याचा भाऊ हाय ह्यो,” वैनी म्हणायच्या. उंच हिरवे दांडे, प्रत्येकाच्या टोकाला पानांची उघडी छत्री. पिवळा पडलेला दांडा त्या बुडातून कापायच्या, गड्डा दाटला की फोडायच्या. रोप करायचं तर छत्री थोड्या देठासकट कापायची, पानं निम्मी छाटायची आणि पाण्यात उलटी बुडवायची. काही दिवसांत मुळ्या! गल्लीतल्या कितीतरी घरी त्यांचीच रोपं होती.

मलाही दिलं. तीनदा. तिन्ही वेळा माझं वाळलं. त्याचे पाय सतत ओले लागतात — आणि मी विसरायचे. एकदा भिशीला सगळ्यांसमोर त्या हसून म्हणाल्या, “बाईंनी शंभर पोरं वाढवली, पर एक लव्हाळा जगवता येईना!” सगळ्या हसल्या. मीही हसले. एवढंच. एवढ्यानं माणूस असं वागतं का?

मग रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तो उन्हाळा. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. त्या सकाळी शेवटच्या तिघींच्या घागरी कोरड्याच राहिल्या आणि टँकर निघाला. बायका चिडल्या. वैनी आपली घागर घेऊन आत गेलेल्या. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “आपल्याला प्यायला न्हाई, अन् काहींच्या घरी हौद भरून झाडं हिरवी हायत.”

कुणीतरी — असंच मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ती मी होते. तो आवाज माझा होता.

आणि मला ठाऊक होतं. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, हातपाय धुतलेलं पाणी वैनी जुन्या लुगड्यातून गाळून हौदात ओतायच्या. रोज सकाळी भिंतीवरून मी ते बघायचे.

बायका फाटक ढकलून आत शिरल्या. कुणी दांडे उपटले, कुणी बादलीनं हौद उपसला. चिखल रस्त्यापर्यंत आला. वैनी मध्ये उभ्या राहून म्हणत होत्या, “धुतलेलं पाणी हाय वो ते! बाईंना इचारा. बाई, सांगा की!”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“मला काय ठाऊक?” मी म्हणाले.

वैनी खाली वाकून चिखलातले दांडे गोळा करू लागल्या. संध्याकाळी त्या भिंतीपाशी आल्या. मला वाटलं, आता विचारतील. त्यांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक गड्डा होता. “तुमी तरी काय करणार, बाई? समद्या चिडलेल्या. भ्यालात तुमी,” म्हणाल्या. “एवढा वाचलाय. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या.”

त्यांनी हौद पुन्हा भरला नाही. दोन वर्षांनी लेकाकडे नांदेडला गेल्या. आता त्या घरात भाडेकरू आहेत, चांगले आहेत — पण भिंतीवर कुणी वाटी ठेवत नाही. माझ्याकडचा लव्हाळा जगला. टब भरून जगला. येणारी-जाणारी कौतुक करतात. कुठून आणला विचारलं, की मी नर्सरीचं नाव सांगते. सकाळी त्याच्यापाशी बसते, तेव्हा भिंतीपलीकडून ‘बाई’ अशी हाक यावी, असं इतकं वाटतं — इतकं, की कधी कधी मी वळून बघते.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला नांदेडला गेले. वैनींकडे गेले, ते सांगायचंच ठरवून. तिसऱ्या मजल्यावर घर, गॅलरीत तुळशीची एक कुंडी. त्यांनी धपाटे केले होते, वर दही. खूप थकल्या होत्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

“तुमच्यावानी शेजार पुन्हा न्हाई भेटला बघा. त्या दिवशी समदी गल्ली माझ्यावर उठली. मनातून माझ्या बाजूच्या तुमी एकट्याच होत्या.”

मी त्यांच्याकडे बघितलं. हात तसाच त्यांच्या हातात होता. आणि मी “हो” म्हणाले.