होडीच्या पूजेचा फोटो

नातवंडांनो, नारळी पौर्णिमेला होडीच्या पूजेचा जो फोटो मी तुम्हाला पाठवला होता, तो फोनमधून काढून टाकू नका. कारण सांगायचं आजवर टाळलं. काल अपील दाखल झालं, म्हणून लिहिते.

फोटोत पूजेला बसलेलं जोडपं म्हणजे आपले शेजारी. तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. त्या वर्षी मालकाला सुतक होतं, म्हणून त्यानेच या दोघांना पूजेला बसवलं. आपल्याकडे तसं करतात. मी फोटो काढला आणि हौसेने सगळ्यांना पाठवला, मालकालाही.

पुढे जाळं ओढायच्या यंत्रात शेजाऱ्याचा उजवा हात मनगटापासून गेला. भरपाईच्या दाव्यात मालकाने तोच फोटो पुढे केला. पूजेला होडीचा धनीच बसतो, तेव्हा हा नोकर नव्हे, भागीदार, असं त्याच्या वकिलाने मांडलं. सुतकाचं सांगू शकले असते ती मी. सुनावणीच्या वेळी मी तुमच्याकडे होते. “नातवंडांत रमल्यात, कशाला तरास,” म्हणून त्या नवरा-बायकोने मला कळवलंच नाही.

परतले तोवर निकाल लागला होता. इंग्रजी निकाल मीच पडवीत बसून त्यांना मराठीत सांगितला. दावा नामंजूर.

“म्हंजे मी मालक?” तो हसला. “मंग माझी होडी कुठं हाय, बाई? दिघीला बांधून ठेवलीय काय?”

त्याची बायको हसली नाही. “फोटू तुमीच काढलाव न्हवं?”

“हो.”

ती उठून वाळत घातलेले बोंबील उलटायला गेली.

अपिलाची मुदत साठ दिवस. एकोणीस उरले होते. मी सगळे कागद तारखेप्रमाणे लावले, क्रमांक घातले. म्हसळ्याच्या वकिलांनी ते चाळले. “आजी, हायकोर्ट पुन्हा साक्षी घेत बसत नाही. कायद्याचा मोठा प्रश्न असेल तरच ऐकतं. तुमचं प्रतिज्ञापत्र जोडतो, पण भरवसा धरू नका.”

सुनावणी कधी होईल, कुणी सांगत नाही. होडीवर दुसरा खलाशी आला आहे. सकाळी शेजारी आपल्या दारात उभा राहून एका हाताने सदऱ्याची बटणं लावत असतो. मी त्या बाजूची खिडकी उघडत नाही.

माझा जुना फोन बिघडला. कोर्टातली छापील प्रत काळपट आहे. स्पष्ट फोटो तुमच्याकडे तेवढा उरला आहे. त्यात त्याने नारळ उजव्या हातात धरला आहे.