काच चालत नाही

"हात सैल सोड," असं अक्का म्हणायची तेव्हा आपला हात आधीच तिच्या मांडीवर गेलेला असायचा. नाव नंतर, गाव नंतर, माप तर ती विचारायचीच नाही. आपल्या अंगठ्याच्या बुडाशी तिचा अंगठा दाबायची, चारी बोटं जवळ घेऊन हाताची चोच करायची, आणि आपण "दुखतंय" म्हणेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. तुम्ही कधी बांगड्या भरायला बसला असाल, तर त्या वेळी मान आपोआप दुसरीकडे वळते हे तुम्हाला ठाऊक असेल. अक्काला तेही चालायचं नाही. "तिकडं काय बघते गं? बघ की हिकडं. तुझाच हात हाय."

मी बसवनगुडीतल्या एका नव्या मॉलमध्ये साफसफाईला आहे. मॉलचं नाव लिहीत नाही. मला नोकरी हवी आहे, आणि त्या नोकरीचे माझ्यावर उपकारही आहेत. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याच्या फरशीकामामागं हिंगोलीकडून इतक्या लांब आले. इथली कन्नड भाषा येत नव्हती, बस कुठली कुठं जाते ते कळत नव्हतं. अशा बाईला सावलीतलं काम मिळालं, ही लहान गोष्ट नाही. म्हणून तिथं मी तोंड उघडत नाही. पण जे पाहिलं ते पाहिलं, आणि ते गिळून बसले तर मला अन्न गोड लागणार नाही.

जिथं आता मॉल आहे तिथं पूर्वी दगडी कमानींची ओळ होती. एकेका कमानीत एकेक दुकान. मॉलवाले ते पाडायला निघाले तेव्हा आसपासच्या लोकांनी आरडाओरड केली, जुनं आहे, पाडू नका म्हणाले. मग तोड निघाली. पुढची कमानींची भिंत तेवढी ठेवली आणि मागचं सगळं काढून टाकलं. दात उपटून नुसते ओठ ठेवावेत तसं. ओठांच्या आत सगळी काच भरली. दारं काचेची, लिफ्ट काचेची, जिन्याचे कठडे काचेचे. ती पुसायला आम्ही बाया.

त्यातल्या एका कमानीत अक्काचं बांगड्यांचं दुकान होतं. सासऱ्यापासूनचं. बाकीचे दुकानदार मिळालं ते घेऊन गेले. अक्का उठेना. शेवटी तिला सांगितलं, तुमची कमान तुमचीच राहील, तुम्ही तिथंच बसायचं. तिनं सही केली. आणि शब्द पाळलाही त्यांनी, नाही कशाला म्हणू? कमान होती. तिचा बसायचा पाट होता, सासऱ्याचा, मधोमध झिजलेला. वर इंग्रजीत झकास पाटी होती. शेजारी एक पितळी समईसुद्धा होती, जी तिच्या दुकानात कधीच नव्हती.

"काचेच्या मालापाशी तेल ठेवतं का कुणी?" अक्का मला म्हणाली. "अय्यो, ह्यांना दुकान ठाऊक नाही, देऊळ ठाऊक हाय."

पहिल्या दिवशी तिला नेसायला नऊवारी दिली. शिवलेली. अक्कानं ती उलटीसुलटी केली आणि कमरेची गाठ सापडल्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. "साडीला नाडी! अगं, चड्डी हाय का साडी?" दुसऱ्या दिवशी ती आपल्या निळ्या सुती सहावारीतच आली, पदराला चार सेफ्टीपिना लावून. तिच्याशी बोलून जिंकणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

मी मराठी आहे हे कळल्यावर तिनं मला जवळ बसवून घेतलं. तिचं मराठी ऐकून मला हसू यायचं. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्ये कन्नड 'स्वल्प' नाहीतर 'सरी' यायचं आणि भलतीकडेच संपायचं. मी हसले की म्हणायची, "हस. माझं मराठी जुनं हाय, तुझं कालचं." तिचे पूर्वज म्हणे मराठ्यांच्या फौजेमागं इकडे आले होते.

"फौजेबरोबर बांगडीवाला कशाला, अक्का?"

"का? शिपायांना बायका नव्हत्या?"

आता ज्या गोष्टीचा मला अजून राग येतो ती सांगते. अक्काला कमान दिली, पाट दिला, समई दिली, आणि सांगितलं की काचेच्या बांगड्या भरायच्या नाहीत. कुणाला काच लागली, कुणी तक्रार केली, तर नस्ती भानगड. त्याऐवजी पत्र्याच्या रंगीत बांगड्या दिल्या, तोंड उघडी असलेल्या. हात दाबायचं कामच नाही. कुणीही यावं, अडकवावी, जावं.

मग अक्कानं दिवसभर करायचं काय? बसायचं. लोक यायचे, तिच्या शेजारी वाकून फोटो काढायचे, जायचे. एकदा एका लहान मुलीनं आईला विचारलं, ही आजी खरी आहे का? अक्कानं तिचा गाल असा चिमटला की पोर किंचाळली. "आता सांग, खरी का खोटी?"

पण जुन्या ओळखीच्या बायका यायच्या तेव्हा तिला हसता यायचं नाही. आसपासच्या गल्ल्यांतल्या, वर्षानुवर्षं तिच्याकडे हात देणाऱ्या. लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन आई यायची, काचेच्या दारातून बिचकत आत यायची, पाटासमोर बसायची आणि मुलीचा हात पुढे करायची. अक्का तो हात धरायची. उगीचच अंगठा दाबून बघायची. मग सोडून द्यायची. "नाही गं. इथं काच चालत नाही." हे वाक्य ती खाली बघून बोलायची. बाकी कुठलंही वाक्य ती खाली बघून बोलत नव्हती.

तेव्हा मला सातवा महिना लागत होता. मी कामावर सांगितलं नव्हतं. सांगितलं की कंत्राटदार घरी बसवतो, असं बाया बोलायच्या. सैल कोट घालून वाकायची, पोछा मारायची. एक दिवस अक्कानं सहज माझा हात धरला आणि तसाच ठेवला.

"सुजलाय. कधी सांगणार होतीस?"

मी रडायलाच लागले.

"आई कुठं तुझी?"

"गावाकडं."

"सासू?"

"ती पण."

"मग हिरवा चुडा कोण भरणार?"

मी म्हटलं, राहू द्या अक्का, कुणाला वेळ आहे. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला शिवी दिली होती.

गौरीच्या सणाला मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भर दुपारी अक्कानं मला हाक मारली. "ये गं, बस इथं." माझ्या हातात बादली.

"अक्का, सुपरवायझर बघेल."

"बघू दे. डोळे कशाला दिलेत त्याला?"

पदराखालून तिनं जुन्या लुगड्याचं बोचकं काढलं. आत हिरव्या काचेच्या बांगड्या. "हात सैल सोड," ती म्हणाली. किती दिवसांनी म्हणाली! आवाजच निराळा होता. फोटोसाठी थांबलेल्या बायका आधी नुसत्या बघत होत्या. मग एकीनं पर्समधून कुंकवाची डबी काढून मला लावलं. एकीनं स्वतःच्या केसांतला गजरा तोडून अर्धा माझ्या केसांत खोवला. त्यातली एकही माझ्या ओळखीची नव्हती. माझं डोहाळजेवण त्या मॉलच्या कमानीत झालं, आणि दोन्ही हात भरल्यावर मी अक्काच्या पाया पडले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रम आहे.

मॅनेजर आला. चांगला शिकलेला, तरुण, हसतमुख. सगळं हसतच बोलला, त्याचाच मला जास्त राग आला. "अक्का, ग्लास अलाउड नाही, सांगितलं होतं ना?"

अक्का त्याच्याशी कन्नडमध्ये बोलली. तेवढं मला कळत होतं. तिनं दाराकडे बोट केलं. "ते कशाचं?" लिफ्टकडे केलं. "ती कशाची?" जिन्याकडे केलं. "आणि हे? तुझी एवढी काच चालते, माझी एवढीशी चालत नाही?"

"ती वेगळी काच आहे अक्का. ती फुटत नाही."

"मग ती काच कसली?"

बायका हसल्या. मॅनेजरही हसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सांगण्यात आलं, बोचकं जमा करा आणि पुन्हा करणार नाही म्हणा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. अक्का उठली, बोचकं काखेत मारलं, पाट उचलला आणि दाराकडे निघाली.

दारात तिला अडवलं. पाट नेता येणार नाही म्हणाले. पाट जुना आहे, कमानीबरोबरचा आहे, मॉलचा आहे.

तुम्हीच सांगा, सासऱ्याचा पाट सुनेचा नसेल तर कुणाचा? जुनं जपायचं म्हणून जे एवढा खटाटोप करतात, त्यांना त्या जुन्यावर बसणारी बाई तेवढी जड होते? मी नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलं. "सर, वो पाट उनका है." मॅनेजर म्हणाला, "तुम अपना फ्लोअर देखो." मी पुन्हा म्हटलं, "उनके ससुर का है." त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अक्कानं पाट खाली ठेवला. पदरानं पुसला. मला म्हणाली, "असू दे पोरी. तू भांडू नको, तुला पोट हाय." आणि गेली.

त्यानंतर ती के. आर. पुरमला भाच्याकडे राहिली. आमची खोली तिथून जवळ, म्हणून मुलगी झाल्यावर मी तिला दाखवायला नेली. दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसलेली होती. जिने चढून बांगड्या भरायला कोण येणार? बाळाच्या मुठी उघडत ती तिलाही म्हणाली, "हात सैल सोड गं," आणि काळ्या मण्यांच्या मनगट्या घातल्या. निघताना मला विचारलं, "माझ्या कमानीत कोण बसतं आता?"

"कुणी नाही, अक्का."

"बरं."

त्या थंडीत अक्का गेली. मला चार दिवसांनी कळलं.

तिच्यामागं कमान रिकामी दिसते म्हणून मॉलवाल्यांनी सजावटीचा माणूस बोलावला. त्यानं प्लास्टरचा एक बाईचा हात आणला, कोपरापर्यंतचा, गोरापान. तो आडवा धरला, आणि कोपराच्या बाजूनं त्यात भराभर बांगड्या सरकवल्या. कोपराकडून! मग तो हात अक्काच्या पाटावर उभा करून स्क्रूनं आवळून टाकला. सासऱ्याच्या त्या झिजलेल्या पाटाला भोकं पाडून. आणि बांगड्या कुठल्या, तर काचेच्या. हिरव्या. आता चालतात.

गौरीच्या सणाला अजून काही बायका दारापर्यंत येतात, अक्काला शोधतात, तो हात बघतात आणि परत फिरतात. बाकीचे फोटो काढतात.

बाळंतपणानंतर मला पुन्हा कामावर घेतलं, आणि त्या हातावरची धूळ पुसायचं काम आता माझ्याकडे आहे. रोज सकाळी मॉल उघडायच्या आधी मी फडकं घेऊन त्या कमानीत बसते, तो हात धरते, आणि सवयीनं तोंडातून निघून जातं, हात सैल सोड.

तो सोडत नाही.