कोयतीची पांढरी रेघ

त्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत आठ हत्यारं पाठवायची होती. मोबाइलवरचे गेम बनवणारा एक माणूस माझी परीक्षा घेत होता. पास झाले तर रत्नागिरीत घरी बसून काम. नापास झाले तर सोमवारी मुंबई, मामाने शब्द टाकून ठेवलेली नोकरी. बॅग भरून पडवीत ठेवली होती आणि बाबा तिच्याकडे न बघता आत-बाहेर करत होते.

पिक्सेल आर्ट म्हणजे बारीक चौकोन रंगवून चित्र काढायचं. मी चार महिने व्हिडिओ बघून शिकत होते. सुरुवातीला प्रत्येक हत्याराला भोवती जाड काळी रेघ मारायची आणि मध्ये उजेड भरायची. माझ्या तलवारी उशीसारख्या फुगायच्या. मग कळलं, उजेड एकाच बाजूने येतो. त्या बाजूची रेघ फिकी ठेवायची, उलट बाजूची गडद.

सात तलवारी-भाले झाले. आठवं हत्यार आपल्या भागातलं हवं होतं, म्हणून मी कोयती घेतली आणि तिथेच घोळ झाला. बाबा आंब्याच्या बागेत राबणारे. मी लहान असताना निसण्याच्या दगडावर कोयती घासून झाली की ते पातं उन्हात धरायचे. "धारेवर पांढरी रेघ दिसते काय गो? दिसली तर बोथट. खरी धार दिसत नाय."

मी तशीच काढली. पात्याच्या उतारावर उजेड, धारेवर अजिबात नाही. मोठ्या तोऱ्यात पाठवली.

साडेपाचला उत्तर आलं. सात ठीक आहेत, कोयती बोथट वाटते, धारेवर सगळ्यात उजळ रंग द्या, अर्धा तास आहे.

माझं डोकंच फिरलं. या माणसाने जन्मात एक नारळ तरी सोलला होता का? पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. चौदा चौकोन पांढरे करायचे, दोन मिनिटांचं काम. तरी बाबांना फसवल्यासारखं वाटत होतं. त्यात नेट गेलं. मी लॅपटॉप उचलून अंगणभर फिरले. सहाला चार मिनिटं बाकी असताना फाइल गेली.

सव्वासहाला निरोप आला, "आता धार आली. सोमवारपासून सुरू करा."

काम मिळालं, असं मी ओरडूनच सांगितलं. "बघू तरी," बाबा म्हणाले. मी नाइलाजाने लॅपटॉप वळवला. त्यांनी चष्मा लावला, वाकले. टोकापासून मुठीपर्यंत पांढरी रेघ लखलखत होती. बोथट कोयती घेऊन बागेत आलेल्या गड्याला त्यांनी एकदा आल्या पावली परत पाठवलं होतं.

पडद्यावरच्या त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"झकास हाय," ते म्हणाले. "धार बघ काय लागलीय."

आणि पडवीतली बॅग उचलून त्यांनी आत नेऊन ठेवली.